शेवाळाचे लेप व साबण : आधी परीक्षा, मग विक्री

गेल्या काही वर्षांत महिला बचत गटांच्या प्रदर्शनांत एक नवा माल दिसू लागला आहे. लोणची, पापड आणि मसाले यांच्या शेजारी हिरव्या भुकटीच्या पुड्या, हिरवे साबण व चेहऱ्यास लावावयाचे लेप मांडलेले असतात. हा माल स्पिरुलिना नावाच्या शेवाळापासून तयार केलेला असतो. त्यात ‘अँटिऑक्सिडंट’ आहेत, त्याने सुरकुत्या जातात, वांग नाहीसा होतो, आणि तो नैसर्गिक असल्यामुळे सर्वस्वी निर्धोक आहे, असे वेष्टनावर छापलेले आढळते.

या नव्या जोडधंद्याचे स्वागतच केले पाहिजे. शेवाळाची लागवड थोड्या जागेत होते, तिला कसदार जमीन लागत नाही आणि घरच्या घरी स्त्रियांना ती सांभाळता येते. तथापि, भुकटीची शुद्धता न तपासता तिचे लेप विकणे, आणि जे गुण सिद्ध झालेले नाहीत ते वेष्टनावर छापणे, हा मार्ग ग्राहकाच्या त्वचेस व गटाच्या नावलौकिकास सारखाच घातक आहे. म्हणून प्रशिक्षण वर्गात साबणाच्या साच्याआधी चाचणीचा धडा दिला गेला पाहिजे. आज बहुधा याच्या उलट घडते.

शेवाळातील रोधक द्रव्ये

कापलेले वांगे काही वेळाने काळे पडते, शेंगदाण्याचे तेल जुने झाले की खवट होते, विळ्याच्या पात्यास गंज चढतो. या सर्वांच्या मुळाशी हवेतील प्राणवायूची क्रिया असते. तिला ऑक्सिडीकरण म्हणतात. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेतही अशाच प्रकारची क्रिया घडते. तीत निर्माण होणारे उग्र घटक त्वचेतील स्निग्ध द्रव्यांना व तिला ताण देणाऱ्या तंतूंना इजा करतात. वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्या माणसाची कातडी लवकर रापते व सुरकुतते, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. या क्रियेस आळा घालणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये, असे नाव आहे.

शेवाळाला स्वतःलाच दिवसभर प्रखर उन्हात राहावे लागते. त्यामुळे त्याच्या अंगी अशी द्रव्ये मुबलक असतात. स्पिरुलिनात फायकोसायनिन नावाचे निळे प्रथिन असते. मिठागरासारख्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या ड्युनालिएला शेवाळात गाजरातील बीटा-कॅरोटीन साठते. हेमॅटोकॉकस हे शेवाळ एरवी हिरवे असते. परंतु अन्न कमी पडले व ऊन तीव्र झाले की ते लाल होते. तो लाल रंग अ‍ॅस्टॅझॅन्थिन या द्रव्याचा असतो. समुद्रातील तपकिरी शेवाळात, उदाहरणार्थ कोकण किनाऱ्यावर आढळणाऱ्या सरगॅसममध्ये, फ्यूकोझॅन्थिन हे द्रव्य असते. प्रयोगशाळेतील काचपात्रात ही सर्व द्रव्ये आपले काम उत्तम करतात, याविषयी शंका नाही.

त्वचेवर त्यांचा उपयोग किती?

काचपात्रातील गुण त्वचेवर जसाच्या तसा उतरत नाही, ही गोष्ट मात्र वेष्टनावर कोठेच लिहिलेली नसते. त्वचेचा सर्वांत वरचा थर हा शेताच्या मजबूत कुंपणासारखा आहे. लहान रेणू त्यातून आत शिरतात, मोठे बाहेरच अडतात. फायकोसायनिन हे प्रथिन असल्यामुळे त्याचा रेणू बराच मोठा असतो. निरोगी त्वचेतून तो सहजासहजी खाली उतरत नाही. अ‍ॅस्टॅझॅन्थिन व बीटा-कॅरोटीन यांचे रेणू तुलनेने लहान व तेलात विरघळणारे आहेत. परंतु उजेड, उष्णता व हवा लागताच ती द्रव्ये झपाट्याने नासतात. काचेच्या पारदर्शक बाटलीत भरून दुकानाच्या उन्हात ठेवलेल्या मलमात त्यांपैकी किती शिल्लक राहत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

माणसांवर झालेले प्रयोग मुळीच नाहीत असे नाही. जपानमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० स्त्रियांना आठ आठवडे रोज ६ मिलिग्रॅम अ‍ॅस्टॅझॅन्थिन पोटात देण्यात आले, आणि त्याच काळात ते चेहऱ्यासही लावण्यात आले. सुरकुत्या व त्वचेचा पोत यांत सुधारणा दिसली. तथापि, या स्त्रियांशी तुलना करण्यासाठी औषध न दिलेला दुसरा गट ठेवलेला नव्हता. सुधारणा पोटात घेतल्याने झाली की लावल्याने झाली, हेही त्यातून वेगळे करता येत नाही. बियाण्याच्या नव्या वाणाची परीक्षा घेताना शेजारी जुन्या वाणाचे वाफे ठेवावे लागतात, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तुलनेचा वाफा नसलेल्या प्रयोगावरून वाण उत्तम ठरविता येत नाही. तोच न्याय येथेही लावावयास हवा. या द्रव्यांपासून थोडाबहुत लाभ संभवतो, इतकेच आज प्रामाणिकपणे म्हणता येईल.

उन्हापासून त्वचेचे रक्षण करण्याचा खात्रीचा उपाय अजूनही सावली व कापड हाच आहे. डोक्यावरचा पदर, मोठ्या काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि भर दुपारची कामे सकाळ-संध्याकाळकडे वळविणे यांनी जे साधते, ते शेवाळाच्या लेपाने साधत नाही.

निसर्गाचे म्हणून निर्धोक?

निसर्गातून आलेली वस्तू अपाय करणार नाही, ही समजूत शेतकऱ्याच्या अनुभवाशी तरी विसंगत आहे. धोतरा नैसर्गिक आहे, बिब्बाही नैसर्गिक आहे. गाजर गवताच्या नुसत्या संसर्गाने अनेकांच्या त्वचेस इसब होतो. शेवाळाचीही तीच गोष्ट आहे. हवाई बेटांपैकी ओआहू येथे १९५८ साली समुद्रस्नान करणाऱ्या लोकांच्या अंगावर भाजल्यासारखे फोड उठले. लिंग्बिया नावाचे सूक्ष्म शेवाळ पोहण्याच्या कपड्यांत अडकून त्वचेस लागल्याने हा त्रास झाला, असे पुढे निष्पन्न झाले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ओरेगॉन राज्याचे आहे. तेथील अप्पर क्लामाथ सरोवरातून नैसर्गिकरीत्या वाढलेले नील-हरित शेवाळ काढून त्याची भुकटी आरोग्यवर्धक म्हणून विकली जात असे. त्याच पाण्यात मायक्रोसिस्टिस हे विषारी शेवाळही वाढते. तपासणीसाठी घेतलेल्या ८७ नमुन्यांपैकी ८५ नमुन्यांत त्याचे यकृतास घातक असे विष आढळले, आणि ६३ नमुन्यांत ते त्या राज्याने ठरविलेल्या मर्यादेहून, म्हणजे एका ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅमहून, अधिक होते. विकणाऱ्यांनी मुद्दाम विष मिसळले नव्हते. पाण्यात काय वाढते आहे, हे डोळ्यांना दिसले नाही, एवढेच.

डोळ्यांचा अंदाज किती फसवा असतो, याची प्रचीती महाराष्ट्रातही आली आहे. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. ड्युनालिएला शेवाळामुळे असे झाले असावे, असा तर्क अनेकांनी केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे परीक्षण केले, तेव्हा तो रंग खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्म जीवांचा असल्याचे दिसून आले. सबब तळ्यातील, विहिरीतील किंवा ओढ्यातील हिरवी साय काढून ती ‘स्पिरुलिना’ म्हणून वाळविणे, हा प्रकार कोणीही करू नये. भातखाचरात खत म्हणून टाकावयाचे नील-हरित शेवाळही त्वचेसाठी वापरू नये. ते त्या कामासाठी तयार केलेले नसते.

रोधक द्रव्य जितके अधिक तितके चांगले, हाही एक भ्रम आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. ही गोष्ट गोळ्यांची आहे, लेपाची नव्हे. परंतु ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द उच्चारला की सुरक्षितता आपोआप सिद्ध होते, असे मानणाऱ्यांनी ती विसरू नये.

टाकीपासून डब्यापर्यंत

स्पिरुलिना हे मुळात सुरक्षित मानले गेलेले शेवाळ आहे. धोका येतो तो पाण्यातून, खतांतून व हाताळणीतून. म्हणून उत्पादकाने पुढील गोष्टींकडे कटाक्षाने लक्ष द्यावे.

शुद्ध वाण विश्वासू संशोधन संस्थेकडून आणावा. टाकीतील पाण्याचा सामू ९ ते १०.५ च्या दरम्यान राखावा. इतक्या विम्ल पाण्यात इतर शेवाळे फारशी तग धरत नाहीत. सामू उतरला की ती शिरकाव करतात. यास्तव सामू नियमित मोजून वहीत टिपून ठेवावा.

शेवाळ पाण्यातील जड धातू शोषून घेते. याच गुणामुळे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी त्याचा उपयोग सुचविला जातो. जो गुण तेथे उपयोगी, तोच येथे घातक ठरतो. विहिरीच्या पाण्यात शिसे, आर्सेनिक, कॅडमियम वा पारा नाही, याची लागवडीपूर्वीच परीक्षा करून घ्यावी. शेतीसाठी मिळणारी स्वस्त फॉस्फेट खते टाकीत घालू नयेत. त्यांत कॅडमियमचा अंश असू शकतो. समुद्रातील तपकिरी शेवाळात आर्सेनिक साठण्याची प्रवृत्ती असते, म्हणून किनाऱ्यावर वाहून आलेले शेवाळ वाटून त्याचा लेप करणे विशेष धोक्याचे आहे.

काढलेले शेवाळ स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी वाळत घालावे. ओल्या शेवाळात प्रथिने भरपूर असल्याने ते उन्हाळ्यात काही तासांतच कुजू लागते. वाळवण झाकलेल्या जागी, धूळ व माश्या यांपासून दूर करावे. भुकटी पूर्ण कोरडी करून उजेड न लागणाऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी आणि प्रत्येक डब्यावर काढणीची तारीख लिहावी.

याच कारणासाठी पाणी, दही किंवा गुलाबपाणी मिसळून तयार केलेला लेप भरून विकू नये. योग्य परिरक्षक द्रव्य नसलेल्या ओल्या लेपात जंतू वाढतात, आणि मुरुमे फुटलेल्या त्वचेवर असा लेप लावल्यास जखम चिघळते.

साबणाचा मोह

बचत गटांना साबण करण्याची विशेष हौस असते. साचे स्वस्त मिळतात व हिरवी वडी दिसण्यास आकर्षक असते. तथापि, कॉस्टिक सोड्याने बनविलेल्या साबणात फायकोसायनिन टिकत नाही. ते प्रथिन उष्णतेस नाजूक आहे आणि तीव्र क्षारात त्याची मोडतोड होते. जे थोडेफार उरेल, ते अर्ध्या मिनिटात पाण्याबरोबर वाहून जाते. अशा साबणास शेवाळाचा रंग असतो, गुण नसतो. साबण म्हणून तो चांगला असेल तर साबण म्हणूनच विकावा. त्याने सुरकुत्या जातील असे सांगू नये. अर्धाकच्चा राहिलेला क्षार त्वचेस पोळतो, हे तर निराळेच संकट आहे.

कायदा काय सांगतो?

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी लेप, मलम वा अंगाचा साबण तयार करण्यास परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, घाण्याचा क्रमांक, वापराची अंतिम मुदत व घटकद्रव्ये यांचा उल्लेख असावा लागतो. खोटा वा दिशाभूल करणारा दावा करण्यास मनाई आहे. रोग बरा करण्याचा दावा केला की तो माल सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरतो. कोड बरे करण्याची जाहिरात तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने निषिद्धच केलेली आहे.

या शेवटच्या मुद्द्यामागे मोठी जोखीम आहे. त्वचेवर फिकट चट्टा दिसला म्हणजे खेड्यातील माणूस प्रथम लेपाकडे वळतो. तो चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाचा असू शकतो. महाराष्ट्राच्या काही जिल्ह्यांत या रोगाचे नवे रुग्ण अजूनही आढळतात, आणि सरकारी आरोग्य केंद्रात त्याचे औषध विनामूल्य मिळते. वेळेवर उपचार झाल्यास रोगी पूर्ण बरा होतो. सहा महिने हिरवा लेप लावण्यात गेले तर हातापायांचे व्यंग कायमचे राहू शकते. गटाने भाबडेपणाने छापलेल्या एका ओळीचे हे मोल असू शकते.

आक्षेप व त्यांचे उत्तर

यावर असे म्हटले जाईल की, मोठ्या कारखान्यांच्या जाहिराती याहून भडक असतात. मग गरीब स्त्रियांच्या गटांवरच निर्बंध का? आक्षेपात तथ्य आहे. भडक दावा कोणीही केला तरी तो निंद्यच होय. परंतु कारखान्याचा एक माल फसला तर तो दुसरा बाजारात आणतो. गटाच्या मालाने गावातील एका मुलीचा चेहरा सुजला, तर त्या गटाची लोणचीसुद्धा कोणी घेत नाही. गटाचे भांडवल म्हणजे शेजाऱ्यांचा विश्वास, आणि ते दुसऱ्यांदा उभे करता येत नाही.

आजीबाई हळद व डाळीचे पीठ लावीत, त्यांना कोठे परवाना लागत होता, असाही प्रश्न विचारला जातो. घरी स्वतःसाठी करावयाचा लेप व अनोळखी माणसास पैसे घेऊन विकावयाचा लेप यांत फरक आहे. हळदीस शेकडो वर्षांचा अनुभव पाठीशी आहे. शेजारच्या टाकीत गेल्या वर्षी सुरू झालेल्या शेवाळास तो नाही.

चाचणीचा खर्च लहान गटास झेपत नाही, हा आक्षेप मात्र सर्वांत वजनदार आहे. त्याचे उत्तर सहकारात आहे. तालुक्यातील गटांनी एकाच पद्धतीने लागवड करावी, माल एकत्र करून त्याचे घाणे पाडावेत आणि प्रत्येक घाण्याची जड धातू, जंतू व शेवाळ-विष यांसाठी एकच चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यावी. तपासलेली भुकटी परवानाधारक उत्पादकास विकावी. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला माल तयार करून घेण्याची सोयही २०२० च्या नियमांत आहे. अहवालासह विकलेल्या भुकटीचे गिऱ्हाईक टिकते. नुसत्या दाव्यावर विकलेल्या साबणाचे एका मोसमापुरते असते.

विस्तार कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांवर या बाबतीत मोठी जबाबदारी येते. शेवाळ लागवडीचा वर्ग भरविताना पहिल्याच दिवशी पाण्याची परीक्षा, सामूची वही व परवान्याची माहिती द्यावी. गटाच्या वेष्टनावरील मजकूर छपाईपूर्वी वाचून पाहावा आणि न सिद्ध झालेली ओळ खोडण्यास सांगावे. किती गटांनी साबण केले याची नोंद ठेवण्याइतकीच किती घाण्यांची चाचणी झाली याची नोंद ठेवावी.

ग्राहकांनाही त्यांनी चार गोष्टी समजावून द्याव्यात. परवाना क्रमांक व मुदत नसलेला लेप घेऊ नये. नवा लेप चेहऱ्यास लावण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस रोज दोनदा याप्रमाणे सात दिवस थोडासा लावून पाहावा. खाज, लाली वा पुरळ आल्यास तो टाकून द्यावा. स्पिरुलिना खाल्ल्याने ज्यांना कधी त्रास झाला असेल, त्यांनी तो लावूच नये. इसब, नायटा, खरूज, बधिर चट्टा किंवा गाजर गवताचा त्रास असलेल्यांनी लेप न शोधता डॉक्टरांकडे जावे.

शेवाळ ही खेड्याच्या हाती आलेली एक चांगली वस्तू आहे. तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा न करता तिच्या शुद्धतेची हमी देणारे गट आज थोडे असतील. परंतु बाजारात टिकून राहतील ते हेच. त्यांची संख्या वाढविणे हे विस्तार कार्याचे उद्दिष्ट असावे, आणि त्याची सुरुवात पुढच्याच प्रशिक्षण वर्गात पाण्याचा पहिला नमुना बाटलीत भरून व्हावी.